पलीकडच्या काठाची घंटी

खोरोग, ताजिकिस्तान
२८ जुलै २०२५

ती. मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि रसिकाच्या मोबाइलवरचे चार शब्दांचे निरोप तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहितोय. याचा फोटो रसिकाला पाठवतो, ती मोठा छापून तुमच्या हातात देईल. तुम्हीही लिहून तिच्याकडे द्या. जिथे नेट मिळेल तिथे वाचीन.

काल इथे पोहोचलो. सायकल विमानातून धड आली, फक्त मागच्या चाकाचे दोन स्पोक वाकले होते. ते बाजारातल्या एका म्हाताऱ्याने हातोडीने सरळ करून दिले. गाव नदीच्या दोन्ही काठांवर आहे. सगळीकडे पॉपलरची उंच झाडं आणि त्यांच्या मागे लगेच उघडे डोंगर. आमच्या दोडामार्गात डोंगर म्हणजे काजू, रबर, हिरवं काहीतरी. इथे डोंगराच्या अंगावर गवताची काडी नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं इथे आलो तेव्हा जितू म्हणाला होता, "ह्यो डोंगर नाय रे, डोंगराचो सापळो." ते वाक्य काल आल्या आल्या आठवलं.

आईला मी सांगितलं की नुसता फिरायला चाललोय. तुम्हाला मात्र खरं सांगून निघालो. त्या जागेवर जाऊन येतो. जितूचं काही सापडलं तर आणतो. तुम्ही निघताना एवढंच म्हणालात, "आण."

परवा खोऱ्याकडे निघेन. तिथून दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर झाले तरी खूप.

तुमचा,
अनिश

*

वालावलखाली, खाडीकाठ
३१ जुलै

चि. अनिश यास भिकाजीमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रसिकाने अक्षर एवढं मोठं छापलं की एका पानाची पाच पानं झाली. मी तिला म्हटलं, मी बहिरा आहे, आंधळा नाही.

इकडे पाऊस आहे. खाडीला तांबडं पाणी आलं आहे. पूल झाल्यापासून होडीला गिऱ्हाईक नाही, तरी मी ती बांधून ठेवलेली नाही. तिला नवं डांबर लावून घेतलं आहे. कशासाठी, ते आज तुला लिहितो. रसिकाला म्हटलं, फोटो काढ पण वाचू नकोस. ती वाचणारच. वाचू दे.

तुला माहीत आहे, जितू आठवीपासून पलीकडच्या हायस्कुलात जायचा. शाळा सुटली की सायकल घेऊन समोरच्या काठावर उभा राहायचा आणि घंटी वाजवायचा. तीनदा. मग मी होडी घेऊन जायचो. आधी सायकल चढवायची, मग तो. त्या सायकलीचं सगळं भंगारात गेलं, पण घंटी त्याने काढून ठेवली आणि पुढे प्रत्येक सायकलीला तीच लावली. तिकडे नेलेल्या सायकलीलाही तीच होती. हे तूच मला सांगितलंस.

मला दहा वर्षं काही ऐकू येत नाही. ढगांचा गडगडाट छातीत कळतो, तेवढाच. पण जितू गेल्याची खबर आली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मला घंटी ऐकू येते. तीनदा. पलीकडच्या काठावरून. रोज येते, आणि वेळ रोज पुढे सरकते. पहिल्या पंधरवड्यातच माझ्या लक्षात आलं की ती सुकतीची वेळ धरून आहे. खाडीचं पाणी अगदी तळाला गेलं की वाजते. मी तिथीवरून सुकती काढतो आणि तयार राहतो.

मी होडी घेऊन जातो. तिथे कोणी नसतं. थोडा थांबतो आणि परत येतो.

तुझी मामी विचारते, "खंय जातास ह्या चिखलात? कोण बोलावता तुमका?" मी सांगतो, होडी चालवली नाही तर फुटते.

आता तू मला एक सांग. त्या दिवशी वेळ काय होती? हे मी तुला तीनदा विचारलं आहे. तू दर वेळी म्हणतोस, रस्त्याची कड ढासळली आणि तो नदीत गेला. कड ढासळली ते कळलं. किती वाजता?

भिकाजी

*

खोऱ्याच्या तोंडाशी
३ ऑगस्ट

ती. मामा,

तुमचं पत्र वाचलं. रागावू नका, पण एक सांगतो. माझ्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फोरमनला असंच व्हायचं. कान गेल्यावर मेंदू आपणच आवाज तयार करतो, असं त्याला पणजीच्या डॉक्टरने सांगितलं. गोळ्यांनी फरक पडला. रसिकाला डॉक्टरांचं नाव कळवलं आहे. एकदा जाऊन या. आणि या पावसात एकट्याने होडी काढू नका.

इथून पुढे नेट नाही. रस्ता म्हणजे नदीच्या अंगावर खोदलेली एक खाच आहे. खाली राखाडी पाणी, वर सैल दगड. दुपारनंतर समोरून वारा सुटतो तो इतका की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. वाटेत घरं लागतात पाच-सात, मग चाळीस किलोमीटर काही नाही. लोक चहात मीठ, दूध आणि लोणी घालतात, त्यात रोटी कुस्करतात. छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले असतात, आपल्याकडे सुकट घालतात तसे. जितूला हे फार आवडलं होतं. म्हणाला होता, आईला सांगूया, इथे सुकटीला माशी बसत नाही.

वेळेचं तुम्ही पुन्हा विचारलंत. दुपारची वेळ होती. नक्की घड्याळात पाहिलं नव्हतं.

त्या जागेवर पोहोचायला आठ-दहा दिवस लागतील. काळजी करू नका.

अनिश

*

खाडीकाठ
९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

चि. अनिश,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. तरी लिहितो.

डॉक्टरकडे गेलो नाही. रसिकाने आग्रह केला. माझ्या पाटीवर तिने लिहिलं, "बाबा, माझी हाक तुमका ऐकाक येणा नाय, आणि त्याची बरी येता." ती रुसून बोलली की रडवेली होऊन, ते लिहिलेल्यावरून कळत नाही.

तू लिहिलंस की मेंदू आवाज तयार करतो. करत असेल. पण माझ्या मेंदूला रोजची सुकती कशी कळते? एकदा मी तिथी चुकलो, सुकती तासभर उशिरा धरून घरीच बसलो. घंटी माझ्यासाठी थांबली नव्हती. मी घराकडे असतानाच वाजून गेली होती आणि मी ती ऐकली होती.

घरातलं सांगतो. दोन वर्षं आपल्याकडे गणपती आणलेला नाही. मेला म्हणावं तर क्रिया नाही, आणि जिवंत म्हणावं तर माणूस नाही. भटजी म्हणतात, देह नसला तरी चालतं, दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो, तीन दिवस सुतक पाळा आणि मोकळे व्हा. मामीला ते हवं आहे. काल ती माझ्यासमोर बसली आणि सावकाश, ओठ वाचता येतील असं बोलली: "ह्या चवथीक माका घरात गणपती होयो. पोराक जाऊ द्या." दोन वर्षांत ती पहिल्यांदा त्याला गेलेला म्हणाली.

चतुर्थी सत्तावीसला आहे. मला तिला उत्तर द्यायचं आहे. पण जो काठावरून हाक मारतो त्याचा पुतळा मी कसा जाळू? आपल्या वाडीत मानतात की माणूस सुकतीवर जातो. पाणी उतरतं तसा जीव उतरतो. माझ्या बापाचंही तसंच झालं. त्या दिवसाची सुकती मी पंचांगावरून काढून ठेवली आहे: दुपारी दीड. तो दीडच्या सुमाराला गेला असेल तर मी समजेन की गेला. नसेल तर तो गेलेला नाही, अडकला आहे, आणि कुठेतरी पाणी उतरायची वाट बघतो आहे. म्हणून वेळ विचारतो. तू 'दुपारची' म्हणतोस. कारखान्यात कार्ड पंच करणारा माणूस तू. तुला वेळ माहीत नाही, हे मला पटत नाही.

अनिश, तू त्याला सोडून पुढे गेला होतास का?

भिकाजी

*

खाडीकाठ
१६ ऑगस्ट, अष्टमी

चि. अनिश,

तुझं पत्र नाही, तरी हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

आज अष्टमी. आज पहाटे खाडी भरलेली असते. मी साडेपाचला उठलो तेव्हा पाणी माडाच्या मुळापर्यंत होतं. सुकती अकरा-बाराला होती. आणि साडेपाचलाच घंटी वाजली. तीनदा. दोन वर्षांत भरतीला ती कधी वाजली नव्हती.

आवाज पलीकडच्या काठावरून नव्हता. फार लांबून होता.

मी होडी काढली नाही. कुठे न्यायची ते कळलं नाही.

भिकाजी

*

दौलतच्या घरी
१७ ऑगस्ट

ती. मामा,

मी जागेवर आहे. हे पत्र इथेच लिहून पुरं करतो. खाली जाऊन लिहीन म्हटलं तर पुन्हा खोटं लिहीन.

कड ढासळली नव्हती. इथे रस्त्याला कडच नाही. बाजूच्या दरीतून बर्फाच्या पाण्याचा एक नाला येतो आणि रस्ता त्याच्यातून जातो. पूल नाही. नाला ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा रस्ता धरायचा. नकाशात त्याला नावसुद्धा नाही.

आम्ही इथे सकाळी नऊला आलो होतो. पाणी मांडीपर्यंत होतं. हा दौलत, मेंढपाळ, गाढव घेऊन नुकताच पलीकडे गेला होता. त्याने तिकडून हाताने खुणा केल्या: या, आत्ताच या. मग सूर्याकडे बोट दाखवलं आणि हात वर वर नेला. मला समजलं, मामा. ऊन चढेल तसं पाणी चढेल. एवढी साधी खूण होती.

जितूने काठावर एक पांढरा धोंडा पाण्याला टेकवून ठेवला आणि पाहत बसला. पंधरा मिनिटांत धोंडा बुडाला. तो म्हणाला, "भरती लागली. आता जावचा नाय. बाबा काय सांगतत? चढत्या पाण्यात पाय घालू नको, पाण्याशी भांडू नको. सा तास थांब, ता आपसूक उतारता."

मी म्हटलं, ही खाडी नाही. तो हसला. म्हणाला, "तू काजूतलो माणूस. पाण्यातला माका सांगू नको." आणि ते खरंच होतं. तारकर्लीला समुद्राच्या तळाशी लोकांना घेऊन जाणारा तो, आणि मी विहिरीत पोहायला शिकलेला. मी वाद घातला नाही. चहा केला. तो टोपी तोंडावर घेऊन झोपला.

पाणी उतरलं नाही. बर्फाचं पाणी संध्याकाळपर्यंत चढतच जातं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं. हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. तीन वाजता जितू उठला. नाला गढूळ झाला होता, तळाशी धोंडे एकमेकांवर आपटत होते, तो आवाज पायाखालून यायचा. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ. तो म्हणाला, सहा तास झाले, आता उतरतंच असणार, वरून दिसत नाही एवढंच. त्याने सायकल खांद्यावर घेतली. मी काठावर होतो. मी त्याला सोडून पुढे गेलो नव्हतो. मी मागे राहिलो होतो.

मधोमध तो एका बाजूला कलला. सायकल आधी गेली. पाण्याच्या एवढ्या आवाजात घंटीचा आवाज मला ऐकू आला. मग तो दिसला नाही. तीन वाजून दहा मिनिटं. घड्याळ माझ्या हातात होतं.

हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तो तुमचं वाक्य बोलत पाण्यात गेला. ते तुम्हाला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

आता दुसरं. परवा संध्याकाळी मी इथे आलो. दौलतने मला ओळखलं. आत नेऊन चहा दिला. काल पहाटे पाचला त्याने मला उठवून नाल्यावर नेलं. काठावर एक लाकडी खांब रोवलेला आहे आणि त्यावर सायकलच्या हँडलचा तुकडा तारेने बांधला आहे. त्याला घंटी आहे. तुमची घंटी, मामा. झाकणावरचा पोचा मी ओळखतो, आंबोलीच्या घाटात आम्ही दोघं पडलो तेव्हाचा. त्याच वर्षी, पाणी आटल्यावर, खाली दोन मैलांवर त्याला हँडल सापडलं. बाकी काही नाही. तेव्हापासून उन्हाळाभर तो पहाटे येऊन घंटी वाजवतो. कोणी प्रवासी अलीकडे-पलीकडे मुक्काम करून असला तर त्याला कळावं की आत्ता निघायचं. मागच्या वर्षी एक जर्मन जोडपं त्या आवाजावर उठून पार झालं, असं त्याने खुणांनी सांगितलं.

त्याने मला वाजव म्हणून खूण केली. मी तीनदा वाजवली. तीनदा का, ते मलाही माहीत नव्हतं. पाणी तेव्हा गुडघ्याएवढं होतं, स्वच्छ. तो पांढरा धोंडा उघडा पडला होता.

दौलत घंटी द्यायला तयार आहे. त्याने तार सोडायला पक्कडही आणली. मी थांब म्हटलं. तुम्ही 'आण' म्हणाला होतात. आणू का? आणि मी हा नाला ओलांडून पुढे जाऊ, की इथूनच परत फिरू? दोन्ही तुम्ही सांगाल तसं.

अनिश

२० ऑगस्ट. नेट मिळेल तिथपर्यंत एका ट्रकमधून खाली आलो. तुमची नऊ आणि सोळा तारखेची पत्रं आत्ता हातात आली. सोळाचं तीनदा वाचलं. वरच्या पत्रातलं एक अक्षर न बदलता पाठवतोय. उत्तर येईपर्यंत इथेच आहे.

*

खाडीकाठ
२६ ऑगस्ट, चतुर्थीची पूर्वसंध्या

चि. अनिश यास आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. उत्तराला पाच दिवस लागले, कारण तीन दिवस सुतकाचे होते.

आधी तुझं. दोन वर्षं मला तुझा राग होता. तू त्याला टाकून पुढे गेलास असं वाटायचं. तू आमच्याकडे आलास की मी होडीकडे निघून जायचो, ते त्यामुळे. आता तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही. तू लिहितोस की माझ्यासाठी गप्प राहिलास. त्यातलं अर्धं खरं आहे. अर्धं तू तुझ्यासाठी गप्प राहिलास. दौलतची खूण तुला कळली होती. हे मी लिहिलं नाही तर तू जन्मभर वाट बघशील की मामा कधी म्हणतो. म्हणून लिहिलं. यापुढे बोलणार नाही.

आता माझं. सहा तासांचं माझ्या बापाने मला सांगितलं आणि मी जितूला. तो सहा वर्षांचा असताना होडीत बसवून, पाण्यात काठी रोवून दाखवलं होतं. खाडीवर ते कधी चुकलं नाही. चंद्राचं ऐकत नाही असंही पाणी जगात असतं, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला अर्धंच शिकवलं आणि पुरं शिकवलं असं समजून जाऊ दिलं. पत्र वाचून झाल्यावर मामीने विचारलं, "काय लिवलेला आसा?" मी तिला पत्रच दिलं. तिने सगळं वाचलं. घडी घालून परत दिलं आणि चुलीकडे गेली. थोड्या वेळाने येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वायट शिकवणारो बापूस नाय तुमी. उठा, भटजीक सांगून येवा."

तीन वाजून दहा ही सुकतीची वेळ नव्हे, म्हणजे तो अडकलेलाच होता. शनिवारी अमावास्या होती. अमावास्येला सुकती पहाटे साडेपाचच्या सुमाराला येते. रसिका म्हणाली, तुमच्याकडचे पाच म्हणजे आपले साडेपाच. तेव्हा लक्षात आलं की त्या एका पहाटे तिकडचं पाणी आणि इकडचं पाणी एकाच वेळी तळाला जाणार.

मी काठावर गेलो. घंटी वाजली. तीनदा, आणि समोरच्या काठावरूनच. मी होडी घातली. चिखलातून ढकलत खोल पाण्यापर्यंत नेली, पलीकडे लावली. कोणी नव्हतं. रोजच्यासारखाच थोडा थांबलो. मग मनात आलं की दोन वर्षं मी इथे येऊन नुसता शोधत होतो, चढ असं कधी म्हटलं नाही. म्हणून म्हटलं, "चढ रे. आधी सायकल ठेव." माझा आवाज मला ऐकू येत नाही, पण म्हटलं.

परत येताना होडी जड लागली. अनिश, मी चाळीस वर्षं वल्हं मारलं आहे. रिकामी होडी, एक माणूस घेतलेली होडी आणि सायकलसकट माणूस घेतलेली होडी, माझे खांदे न बघता सांगतील. मी मागे वळून पाहिलं नाही. आपल्या काठाला लागल्यावर सायकल उतरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वल्हं धरून बसलो. मग भार उतरल्यासारखी होडी वर उचलली गेली.

त्याच दिवशी दहा वाजता पुतळ्याला अग्नी दिला. दर्भाचं ते केवढंसं, लगेच जळलं. काल सुतक फिटलं. आज गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधली, तिला टांगायला रसिकाने काकड्या आणि हरणाची फुलं आणली. उद्या सकाळी गणपती आणतो. मामी गूळ-खोबरं परतते आहे, वास इथपर्यंत येतो.

घंटी आणू नकोस. ती तिथेच असू दे. योग्य वेळेला वाजते आहे, ती हलवू नये. दौलतला काहीतरी दे. पैसे नकोत, आपल्या काजू दे, तू नेल्या असशीलच.

आणि तो नाला ओलांड. उजाडताच. सहा तास थांबू नकोस. पलीकडे पोचलास की रसिकाला कळव, ती मला लिहून दाखवेल.

शनिवारनंतर मी रोज पहाटे आणि सुकतीला, दोन्ही वेळा काठावर जाऊन बसलो. आज सकाळीही गेलो होतो. पाणी उतरलं, बगळे आले, पलीकडे एक बाई तोंड उघडून कोणाला तरी बोलावत होती. मला काही ऐकू आलं नाही. मी बहिरा आहे, हे दोन वर्षांनी पहिल्यांदाच कळलं.

तुझा मामा,
भिकाजी